फुफ्फुसाची डॉक्टर

मामा,

तुमच्या दहाव्याला आलेली माणसं आधी तुमच्या थोरल्या मुलाला, दादांना भेटली, मग माझ्या नवऱ्याला, विक्रमला, आणि मग मला शोधत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. मी भाताच्या पातेल्याशी उभी होते. "वैनी, तुमी हुता म्हणून आण्णांचं हाल झालं न्हाईत," असं एकेक जण म्हणून गेलं. वरच्या आळीतल्या एका आजींनी तर माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मला तो ओढून घेता आला असता. मी घेतला नाही. नुसती मान खाली घालून उभी राहिले, आणि लोकांना ते दुःख वाटलं. दुःख होतंच. पण मान त्यानं खाली गेली नव्हती.

तुम्ही असता तर दारासमोरच्या सोप्यातल्या तुमच्या खुर्चीतून हे सगळं बघत मिशीतल्या मिशीत हसला असता. मला काय येतं आणि काय येत नाही, हे त्या घरात एकट्या तुम्हाला नीट ठाऊक होतं. बाकी सगळं गाव तुमच्याच तोंडून ऐकून फसलेलं.

गावाचे आणि मुलांचे तुम्ही आण्णा; पण तुमच्या घरी सून सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणते, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. मी सांगलीची, शहरातल्या दोन खोल्यांत वाढलेली; माझे खरे मामा वेगळेच होते, आणि त्यांच्याशी माझं फारसं पटायचं नाही. त्यामुळं पहिले काही महिने तुम्हाला मामा म्हणताना मला उगाच भांडणाच्या तयारीत असल्यासारखं वाटायचं. तुम्ही मला 'मेदा' म्हणायचात. मेधा म्हणा, मेद म्हणजे चरबी, असं मी एकदा सांगितलं. तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणालात, "मग लागू दे की जरा." तेव्हापासून मी मेदाच राहिले.

पीएचडी अर्धी असताना माझं लग्न झालं. आत्यांचं म्हणणं होतं, आधी घरात रमू दे, मूलबाळ होऊ दे, मग काय ते शिकणं. दादांनाही तेच वाटत होतं. विक्रम दोघांच्या मध्ये अडकून माझ्याकडं आशेनं बघत होता, की मीच 'राहू दे' म्हणेन. तुम्ही जेवत होता. तुम्ही हात धुऊन आलात आणि म्हणालात, "अर्धी लाइन टाकून सोडली तर पाणी बी येत न्हाई आणि खड्डा बी तसाच ऱ्हातो." आयुष्यभर फौजेच्या इंजिनिअर पलटणीत पाण्याच्या लाइनी टाकलेला हवालदार बोलला म्हटल्यावर विषय तिथंच मिटला. त्याच आठवड्यात तुम्ही मला स्वतः पुण्याच्या एसटीत बसवून दिलंत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. घरातल्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे, मला वाटायचं, वेळ आहे.

माझ्या तोंडी परीक्षेला तुम्ही मेडलं लावलेला कोट घालून पहिल्या रांगेत बसला होतात. परीक्षक मला प्रश्न विचारत होते आणि मधूनच तुमच्याकडं बिचकून बघत होते. सगळं झाल्यावर तुम्ही हळूच विचारलंत, "पास केलं का न्हाई?" केलं म्हटल्यावर साताऱ्यापर्यंतच्या परतीच्या प्रवासात तुम्ही कंडक्टरला, शेजारच्या बाईला आणि चहाच्या थांब्यावर एका अनोळखी माणसाला सांगितलंत, की सून डाक्टर झाली. फुफ्फुसाची.

मी म्हटलं, "मामा, मी गणिताची डॉक्टर आहे."

"गणित फुफ्फुसाचंच न्हवं?"

"हो, पण…"

"मग झालं की."

आणि ते तसंच झालं. कोरेगावच्या बाजारात, साताऱ्यात तुमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत, सोसायटीच्या कट्ट्यावर मी फुफ्फुसाची डॉक्टर होऊन बसले. कुणी खोकत आलं की तुम्ही त्याला माझ्याकडं पाठवत नव्हतात, एवढं मात्र खरं. तेवढं भान तुम्हाला होतं. फुशारकी मारायची आणि वेळ आली की झाकायचं, दोन्ही तुम्हाला जमायचं.

माझं काम तुम्ही मात्र खरंच समजून घेतलं होतंत. सुट्टीत गावी आले की तुम्ही सोप्यात शेंगा फोडत बसायचात आणि मी लॅपटॉप घेऊन समोर. पोटातल्या बाळाला सुरुवातीला फुफ्फुस नसतंच, हे ऐकून तुम्ही शेंग तशीच हातात धरली होती. गळ्याखालच्या एका साध्या नळीला पुढच्या अंगाला दोन कोंब फुटतात, मी सांगत होते. कोंबाभोवतीचं मऊ मांस एक रसायन सोडतं, ते कोंबाला आपल्याकडं बोलावतं. कोंबाचं टोक दुसरं एक रसायन सोडतं, ते पहिल्याला दाबतं. या ओढाताणीत बोलावणारं रसायन टोकासमोर एकाच जागी साठलं, तर नळी सरळ वाढते. दोन बाजूंना विभागलं गेलं, तर टोक दुभंगतं आणि एकाच्या दोन फांद्या होतात. मग त्या प्रत्येक टोकाचं पुन्हा तेच. मी ही ओढाताण समीकरणांत मांडते, संगणकाला सोडवायला देते, आणि पडद्यावर जे झाड उगवतं ते उंदराच्या गर्भातल्या खऱ्या फुफ्फुसाच्या फोटोंशी ताडून बघते.

तुम्ही विचारलंत, "नकाशा कुठाय?"

"नकाशा नसतो."

"नकाशा असल्याबिगर लाइन पडत न्हाई. आधी शेवटचा नळ कुठं ते ठरतं, मग मेन लाइन, मग फाटं."

मी म्हटलं, इथं शेवटचा नळ कुठं हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक टोक आपल्या शेजारी काय आहे तेवढंच बघतं आणि पुढं जातं.

"मग हुकूम कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

तुम्हाला ते मुळीच आवडलं नाही. "बिनहुकमाची पलटण," तुम्ही म्हणालात आणि शेंगांची टरफलं झटकून उठलात. पण विषय सोडला नाहीत. पुढं कितीतरी वेळा, ऊस तुटून गेलेल्या रानात चालताना, लग्नाच्या पंगतीत, आम्हाला सोडायला स्टँडवर आल्यावर, तुम्ही तोच धागा पुन्हा धरायचात. हरेक माणसाच्या छातीत पहिले फाटे एकाच जागी फुटतात ना, उजवीकडं तीन खण आणि डावीकडं दोनच, असं तुम्ही कुठूनसं विचारून आला होतात. मग नकाशा नाही कसं म्हणतेस? मी म्हणायचे, मोठे फाटे ठरलेले असतील, बारीक फांद्यांचं तसं नाही. हा वाद आमच्या विषयातही मिटलेला नाही, हे मी तुम्हाला कधी कबूल केलं नाही. तुम्ही जिंकलात असं समजून आणखी मिरवाल, अशी मला भीती होती.

मध्ये बराच काळ माझं गणित नुसतं बिघडलं होतं. टोकं दुभंगायचीच नाहीत, फुगत जायची. पडद्यावर झाडाऐवजी फुग्यांचा घोस दिसायचा. दर रविवारी तुमचा फोन यायचा. विक्रमची चौकशी नाही, तब्येतीचं नाही, पहिला प्रश्न तोच. "फुगं का फांद्या?" मी म्हणायचे, फुगे. तुम्ही म्हणायचात, बरं, आणि फोन आत्यांकडं द्यायचात. ज्या रविवारी मी 'फांद्या' म्हटलं, त्या दिवशीही तुम्ही 'बरं' म्हणून फोन आत्यांकडं दिलात. नंतर आत्यांकडून कळलं, की तुम्ही सगळ्या आळीत पेढे वाटले होते आणि कशाचे ते कुणालाच सांगता आलं नव्हतं.

तुमचा खोकला नेमका कधी सुरू झाला, ते आम्हाला सांगता येणार नाही. कोरडा, बारीक खोकला. तुम्ही रानात जायची वाट बदललीत, चढाची सोडून ओढ्याकडची धरलीत, आणि विचारलं तर म्हणालात, तिकडं सावली हाय. आत्यांच्या लक्षात आलं ते तुम्ही चपला घालताना मध्ये थांबायला लागलात तेव्हा. साताऱ्याच्या डॉक्टरांनी पाठीवर नळी लावून ऐकलं आणि मिरजेला न्यायला सांगितलं. मिरज विक्रम आणि मी राहतो त्या सांगलीला लागूनच, म्हणून तुम्ही आमच्याकडं राहायला आलात. छातीच्या डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी सांगितलं, फुफ्फुस आतून कडक होत चाललंय, व्रण भरून चामडी जाड व्हावी तसं. का झालं, ते नक्की सांगता येत नाही. औषधानं वेग कमी होईल, झालेलं परत फिरणार नाही. बोलता बोलता त्यांना माझ्या कामाबद्दल कळलं. विक्रमनंच सांगितलं. त्यांनी स्कॅनचा पडदा माझ्या बाजूला वळवला आणि म्हणाल्या, "तुम्ही बघाच."

मामा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

धडधाकट माणसाच्या स्कॅनमध्ये श्वासनळीच्या मोठ्या फांद्या दिसतात. छातीच्या कडेकडं जाता जाता त्या इतक्या बारीक होतात, की दिसेनाशा होतात. तुमच्या छातीत त्या पार कडेपर्यंत दिसत होत्या. कडक झालेल्या फुफ्फुसानं त्यांना चहूबाजूंनी ओढून उघडं धरलं होतं. एरवी न दिसणारं टोक न् टोक, दुभंगलेलं, पुन्हा दुभंगलेलं, मला दिसलं. जे मी इतकी वर्षं पडद्यावर वाढवत होते, ते पहिल्यांदा एका जिवंत माणसाच्या छातीत शेवटापर्यंत बघितलं. कडेला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं होती. त्यांचा अर्थ काय, ते डॉक्टर सांगत होत्या. विक्रमनं माझा हात घट्ट धरला होता. आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की किती सुंदर आहे.

ते क्षणभरच होतं असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण मी ती चित्रं मोबाइलमध्ये घेतली. घरच्यांना वाटलं, ही उपाय शोधतेय. मी उपाय शोधत नव्हते. शोधायला तो माझा विषयच नव्हता. मी नुसती बघत होते.

एका दुपारी सांगलीच्या घरी तुम्ही मला पकडलंत. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर पेपर. "काय बघतीयास?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "तुमच्या फांद्या."

"दाव."

मी दाखवल्या. तुम्ही चष्मा वर करून बराच वेळ बघितलंत. "बऱ्या दिसत्यात की." मग विचारलंत, "तुझ्या गणितात बसतंय का हे?"

मी सांगितलं, नाही बसत. माझं गणित फुफ्फुस तयार कसं होतं त्याचं आहे, ते बिघडतं कसं याचं नाही. माझ्या समीकरणांना फक्त पुढं जाता येतं.

तुम्ही मोबाइल माझ्या हातात परत दिलात आणि पेपर उचललात. रागावला नव्हतात. उलट त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही विक्रमला म्हणालात, की तिला चहा करून दे, तिचं डोकं दुखतंय. माझं डोकं दुखत नव्हतं. तुम्ही मला बघितलं होतंत, एवढंच.

पावसाळा संपत आला तसा तुमचा दम वाढला आणि मिरजेच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. दादा साताऱ्याहून एमआयडीसीतली पाळी टाकून आले ते गेलेच नाहीत. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. त्यांना कुणी जेव म्हटलं की म्हणायचे, आण्णा जेवल्यावर. तुम्ही जेवत नव्हतात. शेवटी डॉक्टरांनी आम्हाला एकत्र बोलावलं. मास्कवर भागेनासं झालंय, त्या म्हणाल्या. घशातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवून बघता येईल. पण या आजारात नळी घातल्यावर ती निघणं फार अवघड असतं. नाहीतर आहे तसं, त्रास कमी राहील एवढं बघायचं. घरच्यांनी ठरवून सांगा. आणि जाताना मला वेगळं म्हणाल्या, "तुम्हाला समजत असेलच." मी मान डोलवली. का डोलवली?

दादांचं ठरलेलं होतं. जे असेल ते सगळं करायचं. विक्रमचं ठरत नव्हतं. दोघं औषधं आणायला खाली गेले आणि मी तुमच्याजवळ थांबले. तुम्ही मास्क बोटानं जरा बाजूला केलात.

"नळी घालनार म्हनत्यात."

"विचार चाललाय, मामा."

"मला घरी जायचंय." मग श्वास. "तू सांग त्यास्नी. तुझं ऐकत्यात."

"मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"त्यास्नी कुटं ठावं हाय ते."

आणि तुम्ही हसलात, मामा. त्या मास्कमागं मिशा हललेल्या मी बघितल्या.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा ना दादांना. तुम्ही डोळे मिटून मान हलवलीत. "त्येला न्हाई जमायचं," एवढंच म्हणालात. मास्क परत नाकावर ओढून घेतलात. तुमच्या बाजूनं बोलणं संपलं होतं. हवालदार हुकूम देऊन मोकळा.

दादा आणि विक्रम जिन्यातून वर आले तेव्हा मी दाराशी उभी होते. मी बोलायला लागले आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. वर्गात शिकवताना येतो तसा सावकाश, स्वच्छ आवाज. फांद्या कशा असतात, त्यांच्या टोकाला हवेच्या पिशव्या कशा असतात, त्या पिशव्यांच्या भिंती कडक झाल्या म्हणजे काय होतं. मशीन हवा ढकलेल, पण ती घ्यायला जागाच उरलेली नाही. मी स्कॅन बघितलाय. मी हातानं हवेत फांद्या काढून दाखवल्या.

दादांनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "नक्की?"

माझ्या विषयात हा शब्द आम्ही सहजी उच्चारत नाही. सिद्ध झाल्यावरच म्हणतो. एरवी 'असं दिसतं', 'शक्यता आहे' यांवर आमचं आयुष्य निघतं. मी आजवर लिहिलेल्या एकाही शोधनिबंधात उंदराच्या फुफ्फुसाबद्दलसुद्धा तो शब्द वापरलेला नाही.

मी म्हटलं, "नक्की."

दादा भिंतीला टेकले. मग म्हणाले, "मग घरी नेऊ."

तुम्हाला घरी नेलं. पुढचे थोडे दिवस तुम्हाला हवे तसेच गेले, असं मला वाटून घ्यायचंय. सोप्यात खाट, दार उघडं, समोर रस्त्यानं येणारी-जाणारी माणसं. आत्या तुमच्या पायाशी बसून आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर काहीही न करता बसल्या. तुम्ही चमचाभर आमटी घेतलीत आणि मीठ कमी आहे म्हणालात. दादांनी तुमची दाढी केली. तुम्ही मला फारसं जवळ बोलावलं नाहीत; एकदाच, मी पाणी देताना माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवलीत आणि काढलीत. ते शाबासकीचं होतं, का माफी मागत होतात, का नुसता आधार घेतलात, हे मी अजून ठरवतेय. सकाळी ऊन दारात आलं तेव्हा तुम्ही गेलात. आत्यांना आधी कळलं.

तुम्ही गेल्यावर भाड्यानं आणलेलं ऑक्सिजनचं मशीन परत करायला मी मिरजेला गेले, तेव्हा डॉक्टरांना भेटले. त्यांना विचारलं, मी घरच्यांना नक्की म्हणून सांगितलं, ते बरोबर होतं का? त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मीसुद्धा घरीच न्या म्हणाले असते. नक्की म्हणाले नसते." त्यांनी मला धीर देण्यासाठी सांगितलं. मी धीर म्हणूनच घ्यायला हवं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

तुमच्या महिन्याच्या विधीला आम्ही गावी आलो होतो. दुपारी वरच्या आळीतला हणमंता आला. तुम्ही त्याच्या घरापर्यंत पाण्याची लाइन काढून दिली होतीत, तोच. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत एक्स-रेची फिल्म. म्हणाला, "वैनी, आईला दम लागतुय. तुमी आण्णांचं बघितलं तसं जरा आईचं बघा. मिरजंला न्यायची का घरीच ठेवायची, तुमी म्हणाल तसं करू."

मी म्हटलं, मला यातलं कळत नाही. त्याला तो मोठेपणा वाटला. त्यानं फिल्म उजेडाकडं धरून माझ्या समोर केली. काळ्यावर पांढरं काहीतरी होतं. मामा, त्याच्या आईची छाती होती ती, आणि मी एका शब्दावर तिला घरी बसवू शकत होते. मी फिल्म खाली घ्यायला लावली आणि त्याला सांगितलं, की मी डॉक्टर नाही. मी गणित शिकवते. बाळाची फुफ्फुसं पोटात कशी तयार होतात त्याचा हिशेब मांडते, तोही उंदरांचा. माणसाचा आजार मला ओळखता येत नाही, कधीच येत नव्हता.

हणमंतानं साधंच विचारलं, "मग आण्णांचं कसं सांगितलं?"

दादा आतून चहा घेऊन आले होते. उंबऱ्यात उभे होते. मला ते दिसत होते. मला दुसरं काहीतरी बोलता आलं असतं, आणि हणमंतानं ते ऐकूनही घेतलं असतं.

मी म्हटलं, "आण्णांनी सांगायला लावलं होतं. त्यांना घरी यायचं होतं."

दादांनी कप खाली ठेवले. हणमंताच्या हातातली फिल्म घेऊन नीट पिशवीत घातली आणि त्याला म्हणाले, "सकाळी आईला घिऊन मिरजंला जाऊ. डाक्टरीण चांगली हाय. मी येतो संगं." हणमंता चहा पिऊन गेला. दादा त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आत्यांशीही नाही. विक्रमला सांगायचं धैर्य मी संध्याकाळपर्यंत गोळा करत होते. तोवर त्याला त्यांच्याकडूनच कळलं होतं. तो माझ्याजवळ येऊन बसला, एवढंच. त्याचंही मला ओझं झालं.

आम्ही निघताना दादा गाडीजवळ आले. मागच्या सीटवर शेंगांचं पोतं ठेवलं, दार लावलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

मी म्हटलं, "तुम्ही सोडलं नसतं म्हणून असेल."

"न्हाईच सोडलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. एवढा दणकट माणूस, मामा, तुमच्यासारखाच. गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला. मग हात काढून विक्रमला म्हणाले, सावकाश जावा.

हणमंताच्या आईच्या छातीत पाणी झालं होतं. काढलं. ती आता बरी आहे, घरी भाकरी करते. मी घरीच ठेवा म्हणाले असते तर, हा विचार मी रोज करते आणि रोज अर्ध्यात सोडते.

कॉलेज सुरू झालंय. पडद्यावर टोकं दुभंगतात, मी बघते. पण मनानं पुन्हा पुन्हा त्या वॉर्डात जाते. तुम्ही मला का निवडलंत? माझं ऐकतात म्हणून, हे तुम्ही बोलून दाखवलेलं कारण. मीही ते इतके दिवस धरून ठेवलं होतं. दादांचा आवाज ऐकल्यावर मला दुसरं कारण दिसायला लागलंय. दादांना जमणार नाही म्हणालात. विक्रमला तर विचारलंसुद्धा नाहीत. त्या खोलीत असं एकच माणूस होतं, ज्याला तुम्हाला सोडणं जमेल असं तुम्हाला वाटलं. जिनं तुमच्या छातीतला आजार बघून मनात आधी सुंदर म्हटलं होतं, आणि जिला त्या दुपारी तुमच्या फांद्या बघताना तुम्ही पकडलं होतंत, ती. तुम्ही माणसं ओळखण्यात कधी चुकला नाहीत.

मला जमलं, मामा. त्याचीच लाज वाटते.

तुमची,
मेदा